सावित्रीचा पूल आणि चवदार तळे

मी पोलादपूरकडचा. लहानपणी २० मार्चला वस्तीतल्या माणसांबरोबर महाडला निघालो, की सावित्रीवरचा जुना दगडी कमानींचा पूल लागे. म्हातारी माणसे चवदार तळ्याची हकिकत सांगत. पुलाविषयी कोणी बोलत नसे. पुढे शिक्षक झालो आणि दोहोंचा इतिहास एकत्र सांगू लागलो. कारण दोन्हींचा प्रश्न एकच आहे : सार्वजनिक म्हणजे काय?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी व त्यांच्यामागून हजारोंनी ते पाणी ओंजळीत घेतले. त्याबद्दल लोकांची डोकी फुटली, आणि १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव फिरवला. डिसेंबरात तळे खाजगी असल्याचा दावा कोर्टात गेला.

दुसऱ्याच वर्षी, १९२८ साली, सावित्रीवर पूल झाला. पूल सर्वांचा आणि तळे मात्र काहींचे! विटाळ दगडाला का होत नाही, पाण्यालाच का होतो? उत्तर सोपे आहे. रस्ता अडवला तर व्यापार अडतो. तळे अडवले तर फक्त आपला घसा कोरडा पडतो. रूढी धर्माचे नाव घेते, पण चालते सोय पाहून. तळ्यावरचा हक्क हायकोर्टाने मान्य केला तो १७ मार्च १९३७ रोजी, सत्याग्रहानंतर दहा वर्षांनी.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो पूल कोसळला. दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने माणसांसह वाहून गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन धोका नसल्याचे ठरले होते. म्हणजे इथेही कागद होता! नवा पूल मात्र वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये उभा राहिला. मनात आणले तर काम किती लवकर होते, हे त्यातून दिसले.

सार्वजनिक या शब्दाला दोन बाजू आहेत : सर्वांचा हक्क आणि कोणाची तरी जबाबदारी. तळ्यावर पहिली नाकारली गेली, पुलावर दुसरी विसरली गेली. दोन्ही वेळा कागद शाबूत होता. जखमी झाली, मेली ती माणसे.

मित्रहो, आपापल्या गावातली विहीर, साकव, स्मशानभूमी पाहा. पैसा कोणाचा, अडवतो कोण, निगा कोणाकडे, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. गावाचा इतिहास तिथूनच लिहायला घ्या.