पृष्ठखननाचे वर्गीकरण : आच्छादनाची कसोटी

भूगर्भात बोगदे न खणता, वरचे आच्छादन दूर सारून खनिज काढणे म्हणजे पृष्ठखनन होय. त्याच्या पद्धती खनिजावरून किंवा यंत्रांवरून ठरविण्याचा प्रघात आहे. परंतु एकाच जातीचे यंत्र दगडाच्या खदानीतही चालते आणि कोळशाच्या खाणीतही. काढलेले आच्छादन कोठे जाते, ही कसोटी अधिक मूलगामी आहे. कारण खाण संपल्यावर जमिनीचे काय उरेल, हे तीच सांगते.

बाभुळगावचा परिसर दख्खनच्या लाव्हाथरांवर वसला आहे. जेथे काळा पाषाण माती व मुरूम यांच्या पातळ थराखालीच लागतो, तेथे दगडखाण काढता येते. पाषाणाची गिट्टी होते, मुरूम रस्त्याच्या भरावास जातो. टाकाऊ द्रव्य थोडे, म्हणून ढिगाराही लहान. परंतु त्याच कारणाने खड्डा बुजविण्यास काही उरत नाही. हा पहिला वर्ग होय.

दुसरा वर्ग पट्टीखननाचा. थर आडवा व उथळ असल्यास एका पट्टीचे आच्छादन शेजारच्या रिकाम्या पट्टीत टाकता येते. खनन आणि भरणी बरोबरीने चालतात.

तिसरा वर्ग खड्डाखाणीचा. गोव्यातील लोहखनिज खोलवर जात असल्याने तळ लवकर मोकळा होत नाही. तेथे एक टन खनिजामागे सुमारे २.५ ते ३ टन टाकाऊ द्रव्य निघे व त्याचे ढीग बाहेर रचले जात.

याच यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात, निलजई व उकणी येथील कोळशाच्या उघड्या खाणी दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांच्या मध्ये पडतात. थर कलता असल्याने आरंभीचे आच्छादन डंपरने बाहेर न्यावे लागते. तळ मोकळा झाल्यावरच आत भरणी शक्य होते. तोवर ढिगाऱ्यासाठी निराळी जमीन गुंतते.

चौथा वर्ग जलखननाचा. कॅलिफोर्नियात पाण्याच्या झोतांनी सोन्याचे गाळथर फोडीत; गाळ नद्यांतून शेतांवर पसरे. १८८४ साली तेथील न्यायालयाने हा गाळ नद्यांत सोडण्यास मनाई केली. निर्णय सोन्यावरून झाला नाही, यंत्रावरूनही नाही. टाकाऊ द्रव्य कोठे गेले यावरून झाला.

आच्छादन व खनिज यांचे गुणोत्तर केवळ परिमाण सांगते. त्याचे स्थान सांगत नाही. ते स्थान खननाच्या आराखड्यात आधीच ठरावे लागते, कारण बाहेर रचलेला ढीग पुन्हा उचलणे म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा करणे होय.