हातात मावणारे खेळयंत्र आणि खेळांची निवड

खेळाची आवड मनुष्यास उपजतच असते. आपल्या आजोबांच्या घरी सारीपाट होता, वडिलांच्या घरी कॅरम आणि पत्ते होते. आणि आता कित्येक घरांत हातात धरून खेळावयाचे, छोट्या पडद्याचे खेळयंत्र येऊ लागले आहे. कुणाचा काका ते परदेशाहून आणतो, कुणी वाढदिवसाच्या निमित्ताने जेल रोडवरील दुकानातून घेतो. यंत्र घरात आल्याचा आनंद पहिले दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी खरा प्रश्न उभा राहतो. आता यावर खेळावयाचे काय?

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. तबकडीवाचून ग्रामोफोन जसा मुका, तसे खेळावाचून हे यंत्र मुके. यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते, खेळ मात्र पुनःपुन्हा घ्यावे लागतात. आणि एका नव्या खेळाची किंमत पुष्कळदा तीन-चार हजार रुपयांच्या घरात जाते. एवढ्या पैशांत मध्यमवर्गीय घरातील एका मुलाची वर्षभराची वह्या-पुस्तके येतात. पैशांहूनही मोलाचा आहे तो वेळ. तेव्हा खेळ निवडताना थोडा विचार केलेला बरा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम या यंत्राचे कुळ पाहू. या क्षेत्रात अग्रगण्य असलेली निन्टेन्डो ही जपानी कंपनी १८८९ साली क्योतो शहरात स्थापन झाली, ती हाताने बनविलेले ‘हानाफुदा’ नावाचे पत्ते विकण्यासाठी. त्या पत्त्यांवर ऋतूंनुसार फुलांची चित्रे असतात. माझ्यासारख्या घरी कोंकणी बोलणाऱ्या माणसास हे वाचताना सावंतवाडीचा गंजिफा आठवल्यावाचून राहत नाही. वर्तुळाकार, हाताने रंगविलेले ते पत्ते. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकूण १२० पाने असतात. तळहातात मावणारा आणि चार माणसांना एकत्र बसविणारा खेळ ही कल्पना, म्हणजे, आपणांस मुळीच नवी नाही. नवी आहे ती वीज आणि पडदा.

निन्टेन्डोने १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हे छोटे खेळयंत्र बाजारात आणले. त्याचा कल्पक अभियंता गुन्पेई योकोई याने आगगाडीच्या प्रवासात एका कंटाळलेल्या गृहस्थास गणकयंत्राची बटणे दाबत वेळ घालविताना पाहिले आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे १९८९ साली ‘गेम बॉय’ आला. त्याचा पडदा रंगीत नव्हता, त्यास आतून प्रकाशही नव्हता. परंतु चार साध्या पेन्सिल-सेलवर तो कितीतरी तास चाले. पुढल्याच वर्षी सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीने रंगीत व उजळ पडद्याचे ‘गेम गिअर’ आणले. त्यास सहा सेल लागत आणि ते थोड्याच तासांत संपत. दिसण्यात गेम गिअर सरस होता, तरी जगाने गेम बॉयच उचलला. त्याची व त्याच्या रंगीत आवृत्तीची मिळून सुमारे पावणेबारा कोटी यंत्रे विकली गेली.

अमेरिकेत गेम बॉयबरोबर जो एक खेळ देण्यात येई, त्याचे नाव ‘टेट्रिस’. मॉस्कोतील अलेक्सेई पाझितनोव्ह या संगणकतज्ज्ञाने तो १९८४-८५ च्या सुमारास रचला. वरून निरनिराळ्या आकारांचे तुकडे पडतात, ते वळवून खाली नीट बसवावयाचे आणि संपूर्ण ओळ भरली की ती नाहीशी होते. एवढाच काय तो खेळ. त्यात ना राजा, ना राक्षस, ना कथा. आपल्याकडेही १९९०च्या दशकात जत्रेतून आणि खेळण्यांच्या दुकानांतून ‘ब्रिक गेम’ नावाने त्याच्या स्वस्त नकला घरोघरी पोचल्या होत्या. नियम एका मिनिटात समजतो आणि कौशल्य मात्र वर्षभर वाढत राहते, हे त्याच्या यशाचे रहस्य होय. उत्तम खेळाची पहिली कसोटी येथेच सापडते : सुरुवात सोपी असावी, परंतु तळ लवकर लागू नये. चित्रांचा भपका पाहून खेळ घेणाऱ्याने गेम गिअरची गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता खेळांचे प्रकार पाहू. ढोबळ मानाने ते पाच सांगता येतील. पहिला, उड्या मारीत व अडथळे चुकवीत पुढे जाण्याचा. ‘सुपर मारिओ’ हे याचे सुप्रसिद्ध उदाहरण. दुसरा शर्यतीचा, यातील ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’ (२०१७) या खेळाच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. तिसरा कोड्यांचा, टेट्रिसच्या जातीचा. चौथा, विस्तीर्ण प्रदेशात भटकून शोध घेण्याचा; ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) हा त्यातील गाजलेला खेळ. पाचवा, शांतपणे काही घडविण्याचा; ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) या खेळात ओसाड पडलेली शेती पुन्हा पिकवावयाची असते. हा खेळ एरिक बरोन या एकाच तरुणाने चित्रे, संगीत आणि कथेसह तयार केला, हे ऐकून आपणांस नवल वाटेल.

या पाचांपैकी आपल्याला कोणता रुचेल, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. यंत्र येण्यापूर्वी आपणांस कोणता खेळ आवडत होता, ते आठवावे. ज्याला पकडापकडी प्रिय, त्याला शर्यत आवडेल. जो तासन्‌तास बुद्धिबळाच्या पटावर रमतो, त्याने कोड्यांकडे वळावे. ज्या मुलीला कुंडीतील रोपट्यास रोज पाणी घालण्यात आनंद वाटतो, तिला शेतीचा खेळ गोड लागेल. वर्गातील दहाजण एखाद्या खेळाची स्तुती करीत असले, तरी तो अकराव्याला आवडेलच असे नाही. सराफ्यात गेल्यावर आपण काही प्रत्येक दुकानासमोर पान मांडून बसत नाही. कुणी भुट्ट्याचा कीस खातो, कुणी गराडू. पुष्कळ खेळांचा थोडा भाग फुकट खेळून पाहता येतो. तो आधी खेळावा आणि दुसऱ्या दिवशी तो खेळ आपण होऊन आठवतो का, ते पाहावे. आठवला, तर तो आपला खेळ.

दुसरी कसोटी वयाची. खेळाच्या वेष्टनावर एक छोटी खूण छापलेली असते. युरोपात २००३ पासून ३, ७, १२, १६ आणि १८ असे वयाचे आकडे छापतात. अमेरिकेत १९९४ पासून इंग्रजी अक्षरे वापरतात. त्यांत ‘ई’ म्हणजे सर्वांसाठी, ‘टी’ म्हणजे तेरा वर्षांपुढील मुलांसाठी आणि ‘एम’ म्हणजे सतरा वर्षांपुढील. ही खूण खेळ किती अवघड आहे हे सांगत नाही. त्यात मारामारी, भय वा अनुचित भाषा किती आहे, एवढेच सांगते. बुद्धिबळ सर्वांसाठी असते, म्हणून ते सोपे असते काय? पालकांनी ही खूण पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. थोरल्या भावासाठी घेतलेला खेळ धाकटी बहीण शेजारी बसून पाहणार आहे, हेही विसरू नये.

तिसरी कसोटी भाषेची. आपल्या शाळेचे माध्यम मराठी, आणि हे खेळ बहुधा इंग्रजीत. काही खेळांत पानेच्या पाने संवाद असतात. ते न वाचता मुलगा नुसते बटण दाबीत पुढे गेला, तर त्याने खेळ खेळला असे होत नाही. पुस्तकाची पाने उलटली, एवढेच. म्हणून पहिले खेळ चित्रांवरून समजणारे घ्यावेत. इंग्रजी थोडे जमू लागले, की संवादांचा खेळ घेऊन शेजारी शब्दकोश ठेवावा. इंग्रजीच्या तासाला मान खाली घालणारा विद्यार्थी खेळातील पात्र काय म्हणते ते समजून घेण्यासाठी आपणहून शब्दाचा अर्थ विचारू लागतो, असा शिक्षक म्हणून माझा अनुभव आहे.

चौथी कसोटी सोबतीची. एकट्याने कोपऱ्यात बसून खेळावयाच्या खेळापेक्षा दोघा-चौघांचा खेळ घरास अधिक मानवतो. ‘क्लबहाउस गेम्स’ (२०२०) या एकाच संग्रहात ५१ खेळ असून त्यांत बुद्धिबळ, लुडो आणि कॅरमही आहेत. निन्टेन्डोचे ते जुने हानाफुदा पत्तेसुद्धा आहेत. आजोबांना नियम शिकविण्याची गरज पडू नये, असा हा संग्रह आहे. मात्र येथे एक सूचना. २०१७ च्या ‘स्विच’ यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या मुठी सुट्या होतात व दोघांना एकेक वाटून घेता येते. २०१९ च्या ‘स्विच लाइट’च्या मुठी मात्र सुट्या होत नाहीत. आपले यंत्र कोणते, हे पाहूनच दोघांचा खेळ घ्यावा.

पाचवी कसोटी पैशांची. खेळ दोन रूपांत मिळतो : छोट्या कार्डावर, अथवा इंटरनेटवरून उतरवून. कार्डावरील खेळ मित्राला देता येतो, अदलाबदल करता येतो, जुना म्हणून विकताही येतो. उतरविलेला खेळ आपल्या खात्याशी बांधलेला राहतो. २०२५ साली आलेल्या ‘स्विच २’च्या काही कार्डांत खेळ नसून केवळ त्याची किल्ली असते आणि खेळ पुन्हा इंटरनेटवरून उतरवावाच लागतो, तशी सूचना वेष्टनावर असते, ती वाचावी. चार मित्रांनी ठरवून चार वेगवेगळी कार्डे घेतली, तर एकाच्या खर्चात चौघांना चार खेळ मिळतात. वाचनालयाचा हाच तर न्याय.

फुकट मिळणाऱ्या खेळांविषयी मात्र सावध असावे. त्यांतील काही खेळ फुकट असतात ते केवळ दारापर्यंत; आत शिरल्यावर पावलोपावली पैसे मागतात. कित्येकांत पैसे देऊन बंद पेटी घ्यावयाची आणि आत काय निघेल ते नशिबावर, असा प्रकार असतो. जत्रेतील सोडतीपेक्षा हे निराळे नाही. बेल्जियमने २०१८ साली अशा काही पेट्या जुगारात गणल्या. आपल्या देशातही पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. वडिलांच्या बँकखात्याचा क्रमांक यंत्रात नोंदवून ठेवू नये, हा साधा नियम पुष्कळ घरांना मनस्तापातून वाचवील.

आपल्या मातीतील खेळ या यंत्रावर नाहीत काय? आहेत, जरी थोडे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीने ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम स्विचवरच प्रसिद्ध केला. असुरांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावास शोधण्यासाठी निघालेली राजी ही त्याची नायिका. राजस्थानी वास्तुशिल्प आणि छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितलेली कथा, यांमुळे तो पाहताना परका वाटत नाही; त्यात लढाई आहे, म्हणून तो वरच्या वर्गांतील मुलांनीच खेळावा. टोरांटो येथील एका मंडळीचा ‘वेन्बा’ (२०२३) हा दुसरा. कॅनडात जाऊन राहिलेल्या तमिळ कुटुंबातील आई इडलीसारखे घरचे पदार्थ करते, फाटक्या पाककृतींच्या वहीतील गाळलेले दुवे आपण जुळवावयाचे, आणि दरम्यान मुलगा मातृभाषेपासून दूर जाताना पाहावयाचा. दीड-दोन तासांत संपणारा हा खेळ इंदुरात राहून घरी मराठी अथवा कोंकणी टिकवू पाहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना पुष्कळ काही सांगून जातो.

शेवटी मर्यादेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर आसक्तीस रोगांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी २०२२ पासून अमलात आली आहे. खेळणे आवरता न येणे, बाकी सर्व मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे. याचा अर्थ प्रत्येक खेळणारा रोगी असतो असा नव्हे. परंतु या तीन लक्षणांची ओळख घरातील सर्वांस असावी. तासाभराने दहा-पंधरा मिनिटे यंत्र खाली ठेवावे, दूरच्या झाडाकडे पाहून डोळ्यांस विसावा द्यावा. मैदानावरील खेळाची जागा या यंत्राने घेऊ नये. ज्या इंदूर नगरीच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, तेथील मुलांस बॅट उचलण्यास सांगावे लागू नये.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, यंत्र नवे असताना तीनच खेळ निवडा : एक स्वतःच्या आवडीचा, एक घरातील सर्वांसोबत खेळण्याचा आणि एक डोके खाजवावयास लावणारा. ते मनसोक्त खेळून झाल्यावरच चौथ्याचा विचार करा. पालकांनीही एखाद्या संध्याकाळी मुलाशेजारी बसून त्याचा खेळ त्याच्याकडून शिकून घ्यावा. कोणता खेळ घरात ठेवावा आणि कोणता नको, हे मग दुसऱ्या कुणास विचारावे लागणार नाही.