गिनीपिगला काय खाऊ घालावे?

सकाळी पोदेराचा भोंगा वाजला, की घरातील मुले पावासाठी दाराशी धावतात. ज्या घरी गिनीपिग पाळलेले असतात, तेथे त्या पावाचा एक तुकडा हटकून पिंजऱ्यातही जातो. दुपारी भाताची चार शिते जातात, संध्याकाळी एखादे बिस्कीट जाते. इवल्याशा दातांनी कुरतडणारा तो मऊ जीव पाहून मुलांना आनंद होतो, आणि वडीलमंडळींनाही त्यात काही वावगे दिसत नाही. आपण जे खातो तेच त्याला दिले, यात चूक ती कोणती?

डिचोलीनजीकच्या एका घरी असेच दोन गिनीपिग होते. पावसाळा सुरू झाला, बाहेरचे गवत भिजलेले म्हणून ते आणणे बंद झाले आणि पाव, भात व दुकानातून आणलेला सशाचा कोरडा खुराक यांवर त्यांची गुजराण होऊ लागली. तीनेक आठवड्यांनी त्यांतील एक मागचे पाय ओढू लागला, हात लावताच किंचाळू लागला. कोठून तरी पडला असेल, असे घरच्यांना वाटले. चार दिवसांत तो गेला. दुसऱ्यालाही तीच लक्षणे दिसू लागली, तेव्हा त्याला गुरांच्या डॉक्टरांकडे नेले आणि तो वाचला. डॉक्टरांनी निदान केले ते ‘स्कर्व्ही’चे. त्या घरातील मुलांनी आपल्या प्राण्याला एक दिवसही उपाशी ठेवले नव्हते. पोट भरलेले असूनही तो उपासमारीनेच गेला, असे म्हणावयास हवे. ही उपासमार कशाची, ती कशी टाळावी, हेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘पोर्किन्यो दा इंडिया’ म्हणजे ‘हिंदुस्थानचे डुकराचे पिल्लू’ म्हणतात. जुन्या पिढीतील गोमंतकीयांना हे नाव ठाऊक असेल. परंतु तो हिंदुस्थानचा नव्हे, आणि डुक्करही नव्हे. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात. कोलंबसाने अमेरिकेलाच ‘इंडिया’ समजण्याची जी चूक केली, तिचा अवशेष या नावात राहिला आहे. अँडीजमधील लोक हजारो वर्षे हा प्राणी पाळीत आले आहेत. तो उंदीर-खारींच्या कुळातला, कुरतडणारा प्राणी आहे आणि गवत हेच त्याचे नैसर्गिक अन्न होय.

त्याच्या आहारातील पहिली गोष्ट म्हणजे गवत. त्याचे दात, पुढचे तसेच दाढाही, जन्मभर वाढत राहतात. चिवट गवत तासन् तास चघळल्यानेच ते झिजतात. मऊ अन्नावर ठेवलेल्या प्राण्याच्या दाढा वाढून वाकड्या होतात आणि त्याला तोंड मिटणेही कठीण जाते. दुसरे असे, की त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. आतड्यातील उपयुक्त जंतू गवताच्या तंतूंवर जगतात. बारा-पंधरा तास त्याने काही खाल्ले नाही, तर पचनच थांबते आणि जिवावर बेतते. म्हणून त्याच्यापुढे गवत रात्रंदिवस असावे. एकूण आहाराचा बहुतांश भाग, रुपयातले बारा आणे तरी, गवताचाच असला पाहिजे.

आपल्याकडे गवताला काय तोटा? पेडण्याच्या बांधांवर आणि डिचोलीच्या कुळागरांतून दूर्वा मुबलक उगवतात. त्या त्याला अतिशय मानवतात. दुभती गुरे पाळणारे शेतकरी नेपियर गवत किंवा गिनी गवत लावतात. त्याची कोवळी पातीही चालतात. भाताचा पेंढा मात्र गवताची जागा घेऊ शकत नाही. त्यात पोषण फार थोडे असते. कोरडा व बुरशी नसलेला पेंढा पिंजऱ्यात अंथरावयास वापरावा. लसूणघास पौष्टिक खरा, पण त्यात कॅल्शियम फार. तो वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला द्यावा. पूर्ण वाढलेल्या प्राण्याला तो रोज दिल्यास मूत्राशयात खडे होण्याचा संभव असतो.

आता दुसरी गोष्ट, आणि आपल्या कथेतील मृत्यूचे कारणही तेच आहे. बहुतेक प्राणी ‘क’ जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. गाय करते, कुत्रा करतो, ससाही करतो. ज्या थोड्या प्राण्यांना ते साधत नाही, त्यांत गिनीपिग आहे आणि मनुष्यही आहे. ते तयार करण्याच्या साखळीतील शेवटचे विकर दोघांच्याही शरीरात नसते. म्हणून ते रोज बाहेरून मिळावे लागते. न मिळाल्यास सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत, आणि शेवटी प्राण जातो.

या रोगाची एक आठवण गोमंतकाच्या दाराशीच आहे. वास्को द गामा परतीच्या वाटेवर काणकोणच्या दक्षिणेस असलेल्या अंजदीव बेटावर थांबला आणि ऑक्टोबर 1498 मध्ये तेथून निघाला. अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेचा किनारा दिसावयास जानेवारी 1499 उजाडला. त्या तीन महिन्यांत सुमारे 30 खलाशी हिरड्या सुजून, अंग काळेनिळे होऊन मेले. मालिंदीला पोहोचताच रोग्यांसाठी संत्री मागविण्यात आली. पण पुष्कळांच्या बाबतीत फार उशीर झालेला होता. पुढे 1907 मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघा शास्त्रज्ञांनी गिनीपिगना केवळ धान्य व पाव यांवर ठेवले, तेव्हा त्यांना नेमका खलाशांचाच रोग जडला. हिरवा पाला देताच तो टळला. मनुष्याच्या रोगाचे मर्म या मुक्या प्राण्याने उघड केले. डिचोलीच्या त्या घरी अजाणता तोच प्रयोग पुन्हा झाला, एवढेच.

मग रोज किती ‘क’ जीवनसत्त्व द्यावे? किलोभर वजनाच्या निरोगी प्राण्याला 10 ते 30 मिलिग्रॅम पुरते. गाभण मादीला व आजाऱ्याला अधिक लागते. शंभर ग्रॅम पेरूत ते सुमारे 200 मिलिग्रॅम असते. म्हणजे दहा ग्रॅमची, बोटाच्या पेराएवढी एक फोड दिली तरी दिवसाची बेगमी होते. पेरू नसेल तेव्हा ढोबळी मिरचीचा बिया काढलेला तुकडा उत्तम. कोथिंबीर आणि शेवग्याचा कोवळा पाला आलटून पालटून द्यावा. वाटीभर ताजा, धुऊन निथळलेला पाला एका प्राण्याला दिवसास पुरे. पालक व तांबडी भाजी यांत ऑक्झॅलेट अधिक असल्याने त्या क्वचितच द्याव्यात. केळे, आंबा, कलिंगड ही फळे गोड असल्यामुळे आठवड्यातून एकदोनदा, चवीपुरतीच. काजूच्या दिवसांत पेडण्याच्या डोंगरांवर बोंडांचा सडा पडतो, पण साखरेमुळे तीही न दिलेली बरी.

बाजारातील गोळीखुराकाविषयीही सांगावयास हवे. सशाच्या खुराकात हे जीवनसत्त्व घालीत नाहीत, कारण सशाला त्याची गरज नसते. गिनीपिगच्या खुराकात ते घातलेले असले, तरी तयार झाल्यापासून सुमारे तीन महिन्यांत बरेचसे उडून जाते, आणि आपल्या उष्ण दमट हवेत त्याहूनही लवकर. म्हणून पुडक्यावरील तारीख पाहावी, खुराक घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि दिवसाला एखादा मोठा चमचाभरच द्यावा. पिण्याच्या पाण्यात जीवनसत्त्वाची पूड मिसळण्याची चाल आहे, पण पाण्यात ते काही तासांतच नष्ट होऊ लागते आणि पाण्याची चव बदलल्याने प्राणी पाणी कमी पितो. पाणी स्वच्छ, साधे आणि रोज बदललेले असावे.

आता वर्ज्य पदार्थ. पाव, भात, बिस्किटे, दूध, मिठाई आणि मीठमसाल्याचे शिजविलेले अन्न कटाक्षाने टाळावे. कांदा, लसूण आणि बटाटा देऊ नये. कच्च्या अळूने त्याच्या तोंडास दाह होतो. घाणेरी, रुई, कण्हेर, एरंड आणि काँग्रेस गवत ही झाडे आपल्या आवारात आपोआप उगवतात. गवताच्या मुठीत त्यांचे पानही येता कामा नये. गवत कापावयास मुलांना पाठविताना ही झाडे त्यांना ओळखावयास शिकवावी.

गवत कोठून आणावे, यालाही महत्त्व आहे. वाहनांच्या हमरस्त्याकडेचे व खनिजाची लाल धूळ बसलेले गवत आणू नये. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या बांधावरचेही नको. पावसाळ्यात तर विशेष जपावे. ओले गवत ढीग करून ठेवल्यास ते तापते, आंबते, त्याला बुरशी येते, आणि अशा गवताने पोट फुगून प्राणी दगावतो. रोजच्या पुरतेच कापावे, झटकून ओसरीवर पसरावे, पाणी सुकल्यावर द्यावे. दूरदर्शी माणसाने ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उन्हात थोडे गवत वाळवून माळ्यावर ठेवावे. पुढच्या आषाढात ते उपयोगी पडेल. कोणतेही नवे खाद्य एकदम न देता आठवडाभरात थोडेथोडे वाढवीत न्यावे.

शेवटी एक सोपी सवय सांगतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, प्राण्याला स्वयंपाकघरातील काट्यावर टोपलीत ठेवून वजन करावे आणि वहीत टिपून ठेवावे. हा प्राणी आपले दुखणे लपवितो, परंतु वजन लपवू शकत नाही. लागोपाठ दोन आठवडे वजन घटले, लाळ गळू लागली, केस विस्कटले, किंवा एक दिवस त्याने गवताकडे तोंडच फिरविले, तर वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्यावे. घरातील माणसांची औषधे मात्र कदापि देऊ नयेत. पेनिसिलिनसारखी औषधे त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मारतात आणि औषधानेच त्याचा अंत होतो.

एवढे सारे करावयास खर्च फार येत नाही. अंगणातील दूर्वा, परसातला पेरू, शेवग्याची डहाळी आणि रोजची दहा मिनिटे पुरतात. डिचोलीच्या त्या घरी आता सकाळच्या पावाचा तुकडा पिंजऱ्यात जात नाही. मुले प्रथम गवताची मूठ ठेवतात, मग पेरूची फोड, आणि त्यानंतर स्वतः न्याहारीस बसतात. वाचलेला तो गिनीपिग पावलांची चाहूल लागताच शीळ घालून त्यांना हाका मारतो.