उठायचं नाही, खो मिळेपर्यंत

खो-खो बघताना सगळ्यांचे डोळे पळणाऱ्यावर असतात. पाटीवर बसलेल्या मुलांकडे फारसं कुणी बघत नाही. गेले काही महिने एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळचा सराव बघताना मी मात्र या बसलेल्यांनाच न्याहाळते आहे. तिथे जे घडतं, ते घरात किंवा वर्गात क्वचितच दिसतं.

मधल्या पाटीवरच्या आठ चौकांत आठ मुली बसलेल्या असतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पाठलागावर. पळणारी हुलकावणी देत अगदी हाताच्या अंतरावरून निसटते. बसलेलीचं अंग पुढे झेपावतं, मांड्या ताठरतात, पण उठायचं नाही. मागून हात लागून 'खो' ऐकू येईपर्यंत उठलं, तर फाउल. उठल्यावरही एकदा धरलेली दिशा बदलायची नाही, पाटी ओलांडायची नाही. हे नियम 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधायला घेतले ते स्पर्धेसाठी. पण दहा वर्षांच्या मुलीकडून ते फार मोठं काम करून घेतात. उत्साह शिगेला पोचलेला असताना स्वतःला आवरायचं आणि खो मिळताच क्षणात मोकळं सोडायचं, हे एका डावात कितीतरी वेळा करावं लागतं.

दोन वेण्यांची एक मुलगी सुरुवातीला हमखास आधीच उठायची. बाकीच्या ओरडायच्या, तिचे डोळे भरून यायचे. सराव घेणाऱ्या ताईंनी तिला समजावत बसण्याऐवजी इतकंच सांगितलं, "उठावंसं वाटलं की बोटं मातीत दाब." पुढे अनेक दिवस तिची बोटं मातीत रुतलेली दिसायची. हळूहळू ती थांबायला लागली. 'शांत बस' हे तिने याआधी हजारदा ऐकलं असेल; शांत बसायचं कसं, हे तिच्या हातांना इथे कळलं.

सराव सुरू होण्याआधीचा अर्धा तास मुलांचा. ताई कडेला उभ्या असतात, पण मध्ये पडत नाहीत. विषामृत, लगोरी, साखळी, जे ठरेल ते. भांडणं तेव्हाच होतात. "लागला!" "नाही लागला!" एक मुलगा "मी नाही खेळत जा" म्हणून कडुलिंबाखाली जाऊन बसला. कुणीही त्याची मनधरणी केली नाही. डाव चालूच राहिला. थोड्या वेळाने तो आपणहून कडेला येऊन उभा राहिला. "येतोस? राज्य तुझ्यावर," एकीने सांगितलं. त्याने मुकाट्याने राज्य घेतलं आणि पाचव्या मिनिटाला तो हसत होता. राग गिळायला त्याला कुणी लावलं नव्हतं. रागापेक्षा खेळायची ओढ मोठी ठरली. रडीचा डाव खेळणाऱ्याला सवंगडी कुठपर्यंत सांभाळून घेतात, हेही त्याला समजलं. त्याच्या धाकट्या बहिणीला मात्र त्याच मुलांनी लिंबूटिंबू करून घेतलं होतं. ती बाद झाली तरी तिच्यावर राज्य येत नव्हतं. दुबळ्यासाठी आपला जोर कमी करणं कुणी शिकवलेलं नव्हतं.

असा खेळ मिळालाच नाही तर काय होतं, याचा अंदाज प्राण्यांवरच्या अभ्यासातून येतो. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात सर्जिओ आणि व्हिव्हियन पेलिस यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. कोवळ्या वयात बरोबरीच्या पिल्लांशी झोंबाझोंबी खेळायला न मिळालेल्या उंदरांना मोठेपणी इतरांशी वागणं जमत नाही आणि मेंदूच्या पुढच्या भागाची घडणही वेगळी होते, असं त्यांना आढळलं. माणसाचं मूल म्हणजे उंदीर नव्हे. पण माणसातही स्वतःला आवरण्याचं काम मेंदूचा हाच भाग करतो.

म्हणून मुलं एकमेकांच्या अंगावर पडली की लगेच धावू नये. आधी त्यांचे चेहरे बघावेत. खेळात चेहरा हसरा असतो, वरचा खाली आणि खालचा वर होत राहतो, सुटल्यावर दोघं पुन्हा एकत्रच पळतात. भांडणात जबडा आवळलेला असतो, एकच जण कायम खाली असतो, बाकीचे भोवती कोंडाळं करतात आणि संपल्यावर दोघं दोन दिशांना जातात. तेव्हा मोठ्यांनी मध्ये पडलंच पाहिजे. एरवी गुडघा खरचटला, रडू आलं, की थोडं थांबावं. बहुतेकदा आपल्याआधी एखादं मूल पाण्याची बाटली घेऊन पोचलेलं असतं. लागलं तरी आपण सावरतो आणि आपल्याला सावरायला कुणीतरी येतं, हा विश्वास असाच बसतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या 2009 सालच्या अनुसूचीत शाळेला खेळाचं मैदान असावं असं लिहिलेलं आहे. मैदान असलं तरी मुलांच्या हाती वेळ उरत नाही. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की गृहपाठ. मग मूल चिडचिडं झालं, हरणं सोसत नाही, म्हणून आपण काळजी करतो. त्याला रोज हरायला, चिडायला आणि पुन्हा डावात यायला जागा दिली आहे का, हे आधी तपासावं. वेगवेगळ्या वयाची मुलं, मोकळी जमीन आणि निवाडा करायची घाई नसलेलं एक मोठं माणूस, एवढं पुरतं. शाळांनी वेळापत्रकात आणि पालकांनी संध्याकाळी हा वेळ राखून ठेवलाच पाहिजे. तो अभ्यासातून चोरलेला वेळ नाही.