तिथी पाहून समुद्र

भिवंडीतल्या नारपोलीपासून खारे पाणी फार लांब नाही. काल्हेर-कशेळीच्या बाजूला खाडी रोज भरतीला चढते आणि ओहोटीला उतरते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची पहिली जहाजे याच खाडीच्या आश्रयाने बांधायला घेतली. पण खाडीला चिखल असतो, पुळण नसते. वाळूचा किल्ला बांधायचा, पायाखालून सरकणारी लाट अनुभवायची, तर यंत्रमागांची खडखड आणि गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगा मागे टाकून किनारा गाठावा लागतो. घरात दोन-तीन वर्षांचे लेकरू आणि पहिली-दुसरीतले मूल असेल, तर या सहलीचे गणित तरुणांच्या सहलीपेक्षा वेगळे असते. कोणती ठिकाणे पाहायची, हा त्यातला शेवटचा प्रश्न. मूल किती वेळ गाडीत बसेल, किनाऱ्याचा उतार कसा आहे आणि पाणी किती वाजता कुठे असेल, हे आधी ठरवायचे.

पहिल्या सहलीसाठी नारपोलीकरांना सर्वांत सोयीचा किनारा पालघर जिल्ह्यातला आहे, आणि नेमका तोच अनेकदा विसरला जातो. भिवंडी रोड स्थानकातून दिवा–वसई मार्गावरच्या गाडीने खारबाव, कामण, जूचंद्र करत वसई रोडला उतरायचे. तिथून डहाणूकडे जाणारी गाडी धरली की केळवे रोड स्थानक येते. उपनगरी लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत जाते. स्थानकापासून केळव्याच्या किनाऱ्यापर्यंत रिक्षा मिळते. दिवा–वसई मार्गावर गाड्या मोजक्याच असल्याने वेळापत्रक हाताशी हवे. केळव्याचे पाणी मालवणसारखे नितळ नाही. इथली वाळू काळसर आणि घट्ट असते, किनारा सपाट आणि पाठीशी सुरूचे बन. लहान मुलाला निळ्या पाण्याचे अप्रूप नसते. त्याला धावायला मोकळी जागा आणि बसायला सावली लागते, आणि ती केळव्याला भरपूर आहे. डहाणूच्या पुढचे बोर्डीही असेच सपाट. तिथल्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून हिवाळ्यात वाड्यांमधून ताजा चिकू मिळतो.

दुसरा टप्पा अलिबागचा. पनवेल, पेण, वडखळ या रस्त्याने जाता येते किंवा मुंबईहून पाण्यावाटे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. मुलांसाठी तो प्रवास हीच एक सहल ठरते. मात्र नारपोलीहून भाऊच्या धक्क्यापर्यंतचा खटाटोप धरला, तर मूल बोटीत चढण्याआधीच दमते. दापोली, गुहागर, मालवण हा तिसरा टप्पा. मूल पाचेक वर्षांचे झाले आणि लांबच्या गाडीत रमू लागले की तो घ्यावा. दीड वर्षाच्या बाळाला घेऊन दोन रात्रींसाठी मालवणजवळची तारकर्ली गाठणाऱ्या कुटुंबाची निम्मी सुट्टी प्रवासातच जाते.

लांबच्या प्रवासाला कोकण रेल्वे हाच मुलांच्या दृष्टीने उत्तम मार्ग. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा लोहमार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि खिडकीत बसलेल्या सहा वर्षांच्या मुलासाठी तो अंधार सरता सरत नाही. दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली, श्रीवर्धन-दिवेआगरसाठी माणगाव ही उतरण्याची स्थानके. नारपोलीकरांना दिवा किंवा पनवेल गाठून गाडी धरण्याची सवय आहे. पण ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या वांद्रे–मडगाव द्विसाप्ताहिक एक्स्प्रेसला भिवंडी रोडलाच थांबा दिला गेला. तान्ह्या मुलासह सामान घेऊन गाडी बदलावी लागत नाही, ही सोय छोटी नाही.

आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांची झाली आहे. मे महिन्याच्या आणि गणपतीच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, त्यामुळे साठावा दिवस कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवावा. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण जागाही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे, नाही तर अर्धे. रात्रीच्या प्रवासात इथे काटकसर करू नये. एका बर्थवर आई आणि सहा वर्षांचे मूल यांपैकी कोणाचीच झोप होत नाही. एसटीत पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट असते, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना मोफत प्रवास. आजी सोबत असली तर मुलांना सांभाळायला एक जास्तीचा हात मिळतो आणि खर्च जवळपास वाढत नाही.

घाटातल्या वळणांनी मुलांना मळमळते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वाधिक होतो. निघण्यापूर्वी पोट तुडुंब भरू नये आणि रिकामेही ठेवू नये; घडीची पोळी किंवा मऊभात पुरे. गाडीत मोबाइल पाहायला दिला की त्रास वाढतो, कारण डोळे एका जागी स्थिर असतात आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय हालचाल टिपत असते. नजर समोरच्या रस्त्यावर असली की दोन्हींचा मेळ बसतो. गोळी द्यायचीच तर डॉक्टरांना वजन सांगून, निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी.

हंगामाबद्दल दुमत नसावे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ऊन असते पण बोचत नाही आणि समुद्र शांत असतो. शाळांमुळे बहुतेकांना मे महिन्यातच जावे लागते. किनाऱ्यावरची हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि शरीर थंड होण्याचा मार्गच खुंटतो. आतल्या कोरड्या गावांपेक्षा पारा खाली असूनही मूल लवकर मलूल होते. मेअखेरीस समुद्र खवळू लागतो आणि मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या व पाण्यातले खेळ ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. म्हणजे मेमध्ये जायचेच तर पहिला पंधरवडा गाठावा.

आता तिथीकडे. कोकणातल्या माणसाला भरतीचे कोष्टक लागत नाही. तो तिथीची पाऊणपट करतो. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारीही. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, कारण एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात आणि किनारा बदलला की वेळही थोडी सरकते. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरतीही रोज पाऊण-एक तासाने पुढे जाते. हा हिशेब त्यावरच उभा आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असतेच, तेव्हा नारपोलीच्या स्वयंपाकघरात बसूनही सहलीचा दिवस निवडता येतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती येते. मुंबईच्या आसपास पाणी चार मीटरहून जास्त चढते-उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि हा फरक बराच कमी होतो. केळव्यासारख्या सपाट किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी दूरवर जाते आणि परत येताना झपाट्याने येते, खेळणाऱ्या मुलाच्या पाठीमागच्या खळग्यातूनही. म्हणून लहान मुलांसह जाताना सप्तमी ते दशमीचे दिवस चांगले. अष्टमीला सहा वाजता भरती पूर्ण होते. सकाळी साडेसातला पाणी अजून जवळ असते, ओढ बेताची असते आणि ऊनही कोवळे असते. दिवाळीच्या सुट्टीत लक्ष्मीपूजन अमावास्येला येते, म्हणून त्या दोन-तीन दिवसांत भर दुपारी उधाण असते आणि गर्दीही. आठवडाभर थांबून गेले तर दोन्ही कमी होतात.

ओहोटी उपयोगाचीही असते. अलिबागचा कुलाबा किल्ला पूर्ण ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने गाठता येतो. चतुर्थी-पंचमीला ओहोटी सकाळी नऊ-दहाला पूर्ण होते, म्हणून मुलांना न्याहारी देऊन आरामात निघता येते. फक्त पाणी वळण्याआधी परतायचे. समुद्रात उतरण्यासाठी मात्र ओहोटी वाईट, कारण पाणी माणसाला आत ओढते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले, आणि ती पोहता येण्याच्या वयाची मुले होती. गणपतीपुळ्याचा किनारा देखणा, पण उताराचा. तिथे अशा दुर्घटना पुन्हा पुन्हा झाल्या आहेत. सात वर्षांखालच्या मुलाने गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये आणि मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर, समुद्राकडे तोंड करून उभे राहावे. फुगवलेली ट्यूब मुलाला वाचवत नाही; वारा तिला मुलासकट बाहेर नेतो.

मुक्कामाला कोकणातली घरगुती निवासस्थाने हॉटेलपेक्षा बरी, कारण स्वयंपाकघराशी बोलता येते. तिखट न घातलेले वरण, मऊ घावणे, रात्री दहाला कोमट दूध, हे मागायला तिथे संकोच वाटत नाही. दुपारी अकरा ते चार मुलांना घरातच ठेवावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला ऊनरोधक मलम लावू नये, सावलीतच ठेवावे. त्याला उन्हाळ्यातही आईच्या दुधावर वेगळे पाणी लागत नाही. मोठ्या मुलांना शहाळे, कोकम सरबत, ताक. जुलाब लागले आणि ओआरएसचे पाकीट हाताशी नसले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे.

कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यांत आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांत लाल विंचू असतो, हे शहरातल्या कुटुंबांना माहीत नसते. त्याच्या दंशाने पूर्वी अनेक मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळता येतात हे दाखवले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. सकाळी चपला झटकून घालाव्यात, रात्री विजेरी घेऊनच अंगणात जावे आणि दंश झालाच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. मुक्कामाला पोहोचताच जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते विचारून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

पाहण्याची ठिकाणे एका दिवसाला एकच. फेब्रुवारी ते एप्रिल असेल आणि मुले पहाटे उठू शकत असतील, तर मंडणगड तालुक्यातले वेळास पाहावे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले तिथे वाळूतून निघून समुद्राकडे जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांसह हे संवर्धन उभे केले. पिल्ले निघतीलच याची हमी नसते, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. परतीचा प्रवास रविवारी संध्याकाळी ठेवला तर महामार्गावर आणि भिवंडीच्या नाक्यांवर कोंडी ठरलेली. शक्य असल्यास सकाळच्या न्याहारीनंतर निघावे, म्हणजे मुलांची दुपारची झोप गाडीत होते आणि सोमवारच्या शाळेआधी दप्तर भरायला एक संध्याकाळ उरते.