अपूर्ण राहिलेली मालिका

क्रीडास्पर्धेला शेवट असतो ही गोष्ट इतकी गृहीत धरली जाते की, तिच्याविषयी विचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. कोणी तरी जिंकतो, कोणी तरी हरतो, चषकावर एक नाव कोरले जाते आणि प्रेक्षक आपापल्या घरी परततात. परंतु बर्फावरील हॉकीच्या क्षेत्रात उत्तर अमेरिकेत सर्वश्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या स्टॅन्ले चषकावर १९१९ या सालापुढे कोणाही विजेत्याचे नाव नाही. तेथे दोन संघांची नावे आहेत आणि त्यांच्याखाली ‘मालिका पूर्ण झाली नाही’ अशा अर्थाचे तीनच इंग्रजी शब्द. या तीन शब्दांमागे एका जागतिक महामारीचा, एका व्यावसायिक संघाच्या हंगामाचा आणि एका खेळाडूच्या मृत्यूचा इतिहास आहे.

बर्फावरील हॉकी हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. लडाखमध्ये लेह-कारगिलकडील तरुण हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर तो हौसेने खेळतात. परंतु इतरत्र त्याचे दर्शन दुर्मिळच. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून खेळाडू बर्फाच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून वेगाने सरकत असतात आणि चेंडूऐवजी कठीण रबराची एक चपटी चकती काठीने प्रतिपक्षाच्या जाळ्यात धाडावयाची असते. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. अंगाला अंग भिडवून प्रतिस्पर्ध्याला अडविणे हा या खेळात दोष नसून त्याचे ते एक अंगच आहे. आज खेळाडू एका वेळी मिनिटभरच बर्फावर राहतो आणि लगेच दुसऱ्याला जागा देतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र संघात सारे मिळून नऊ-दहा असामी असत व मुख्य खेळाडू जवळजवळ संपूर्ण सामना न थांबता खेळत. चार भिंतींच्या आत, थंड हवेत, धापा टाकीत आणि एकमेकांच्या श्वासाइतक्या अंतरावर खेळला जाणारा हा खेळ. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल. शिवाय त्या दहांपैकी पाच जण अंथरुणाला खिळले, तर संघ दुबळा होतो असे नव्हे, तो संघच उरत नाही.

स्टॅन्ले चषक हा कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी १८९२ साली देऊ केला आणि १८९३ पासून तो प्रदान होऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कॅनडात व्यावसायिक हॉकीच्या दोन प्रमुख संघटना होत्या. पूर्वेकडे १९१७ साली स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग आणि पश्चिमेकडे लेस्टर व फ्रँक या पॅट्रिक बंधूंनी १९११ साली उभारलेली पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन. दोहोंचे विजेते हंगामाच्या अखेरीस चषकासाठी झुंजत. नियमांतही दोघींचे एकमत नव्हते. पूर्वेकडे सहा खेळाडूंचा संघ असे, पश्चिमेकडे सातांचा. म्हणून अंतिम मालिकेत एक सामना एका पद्धतीने तर पुढचा दुसऱ्या पद्धतीने खेळण्याची तडजोड होती.

माँट्रियल कनेडियन्स हा पूर्वेकडील संघ १९०९ साली स्थापन झाला व १९१६ साली त्याने प्रथम चषक जिंकला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील सिॲटल शहराच्या मेट्रोपॉलिटन्स संघाने त्याला हरवून चषक नेला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संघाकडे हा मान जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या पराभवाची भरपाई करण्याची संधी कनेडियन्सना १९१९ साली मिळाली. परंतु त्या दोन वर्षांत जगावर दुसरेच संकट कोसळले होते.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची आठवण महाराष्ट्राला वेगळी करून देण्याची आवश्यकता नाही. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेला हा ताप पावसाळ्याच्या अखेरीस दुसऱ्या, अधिक घातक लाटेने परतला आणि ‘मानमोडी’ या नावाने खेडोपाडी त्याची दहशत बसली. एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्यात दगावली. या साथीचे एक विलक्षण लक्षण असे की, बालके आणि वृद्ध यांच्याबरोबरच विशी ते चाळिशीच्या दरम्यानची धडधाकट माणसे तिने मोठ्या संख्येने उचलली. शारीरिक बळ हे येथे कवच ठरले नाही. हॉकीच्या जगाला याचा इशारा हंगामापूर्वीच मिळाला होता. ऑटावा संघाचा नामवंत खेळाडू हॅम्बी शोअर १९१८ च्या ऑक्टोबरात याच आजाराने मरण पावला. त्याच महिन्यात सिॲटलमध्ये शाळा, नाट्यगृहे व प्रार्थनामंदिरे बंद करण्यात आली आणि नागरिकांना तोंडावर पट्टी बांधण्याची सक्ती झाली. नोव्हेंबरात युद्ध थांबले, त्याच सुमारास हे निर्बंधही उठले. युद्ध संपले तशी साथही संपली, असा लोकांचा समज झाला. त्या समजुतीवरच हिवाळ्याचा खेळ सुरू झाला.

हंगाम आरंभापासूनच रखडत चालला. पूर्वेकडे तीनच संघ होते. त्यांपैकी टोरांटोच्या संघाने फेब्रुवारीत माघार घेतली. उरलेल्या दोघांत कनेडियन्सनी ऑटावावर चार सामने विरुद्ध एक असा विजय मिळविला आणि आगगाडीने संपूर्ण खंड ओलांडून तो संघ पॅसिफिकच्या किनाऱ्यावर आला. पश्चिमेकडे सिॲटलने व्हँकूव्हरला मागे टाकले होते. पाच सामन्यांची ही मालिका १९ मार्च रोजी सिॲटलच्या बर्फगृहात सुरू झाली.

पहिला सामना सिॲटलने सात विरुद्ध शून्य असा जिंकला. दुसरा कनेडियन्सनी चार विरुद्ध दोन असा परतविला. ते चारही गोल त्यांचा नायक न्यूझी लालोंद याने केले. तिसऱ्यात सिॲटलने पुन्हा सात गोल चढवून सात-दोन अशी सरशी केली. चौथ्या सामन्यात मात्र जादा वेळ खेळूनही कोणालाच गोल करता आला नाही, आणि दमलेले दोन्ही संघ शून्य-शून्य अशा बरोबरीत बर्फावरून उतरले. पाचव्या सामन्यात सिॲटलने तीन गोलांची आघाडी घेतली असता कनेडियन्सनी ती अखेरच्या डावात भरून काढली आणि जादा वेळात चौथा गोल करून सामना जिंकला. एकूण गोलांची बेरीज केली तर सिॲटलचे एकोणीस आणि माँट्रियलचे दहा होतात. परंतु विजय मात्र दोघांचे दोन दोन! निकालासाठी सहावा सामना १ एप्रिल रोजी ठरला.

तो सामना झाला नाही. पाचव्या सामन्यात जो हॉल या कनेडियन्सच्या बचावपटूला खेळ सोडून जावे लागले होते. पाठोपाठ लालोंद, बेर्लिंकेत, कुत्यूर आणि मॅकडॉनल्ड हे खेळाडू व संघाचा मालक-व्यवस्थापक जॉर्ज केनेडी हे सर्व तापाने फणफणले. सामन्याच्या दिवशी कनेडियन्सकडे बर्फावर उतरावयास पुरेसे पाय उरले नव्हते. केनेडीने व्हिक्टोरियाच्या संघातील खेळाडू उसने घेऊन खेळण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा त्याने सामना सोडून देण्याची, म्हणजे चषक सिॲटलला देऊन टाकण्याची तयारी दर्शविली. नियमाने पाहता यात आक्षेप घेण्यासारखे काहीच नव्हते. प्रतिपक्ष हजर नसेल तर हजर असलेला संघ विजयी, हा खेळाचा सर्वत्र मान्य असलेला संकेत आहे. परंतु सिॲटलचा व्यवस्थापक पीट मल्डून याने तो स्वीकारला नाही. आजारामुळे असहाय झालेल्या प्रतिस्पर्ध्याकडून मिळालेला चषक त्याला नको होता. अशा रीतीने मालिका जेथे होती तेथेच थांबली.

चार दिवसांनी, ५ एप्रिल १९१९ रोजी, जो हॉल सिॲटलमध्येच न्यूमोनियाने मरण पावला. त्याने चाळिशीही गाठली नव्हती. इंग्लंडात जन्मलेला आणि कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात वाढलेला हा खेळाडू तीन वेळा चषकविजेत्या संघांतून खेळला होता. त्याच्या आडदांड खेळामुळे प्रेक्षक त्याला ‘द्वाड जो’ म्हणत. बर्फावर कोणाच्याही धडकेने न खचणारा हा माणूस एका आठवड्याच्या आजारात संपला, ही गोष्ट त्या काळच्या वैद्यकाची मर्यादा दाखविते. इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ पर्यंत शास्त्रज्ञांना माणसापासून वेगळा करता आला नव्हता, आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या न्यूमोनियावर चालणारे पेनिसिलीन तर १९२८ पर्यंत सापडलेच नव्हते. विश्रांती, शुश्रूषा आणि प्रतीक्षा एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. केनेडीही या दुखण्यातून पुरता सावरला नाही. १९२१ च्या ऑक्टोबरात त्याचा अंत झाला आणि त्याच्या पत्नीने संघ विकून टाकला. सिॲटलचा संघही १९२४ साली विसर्जित झाला. पुढे १९४८ साली चषकाची नव्याने मांडणी झाली, त्या वेळी १९१९ च्या रकान्यात दोन्ही संघांची नावे आणि ते तीन शब्द कोरण्यात आले. जो हॉलचा समावेश हॉकीच्या सन्मानमंदिरात १९६१ साली झाला.

हा इतिहास एवढ्यावरच संपला असता. परंतु एका शतकानंतर जगावर पुन्हा महामारी आली आणि तोच संघ पुन्हा तिच्या वाटेत सापडला. १२ मार्च २०२० रोजी करोनामुळे नॅशनल हॉकी लीगने आपला हंगाम थांबविला. कोणी अंथरुणाला खिळण्याची वाट पाहिली गेली नाही, हा पहिला फरक. ऑगस्टमध्ये चोवीस संघांना टोरांटो आणि एडमंटन या दोन शहरांत, बाहेरच्या जगापासून तोडलेल्या वसाहतींत ठेवून प्रेक्षकांविना सामने खेळविण्यात आले. सुमारे दोन महिन्यांत तेहतीस हजारांवर तपासण्या झाल्या आणि त्यांत एकही बाधित आढळला नाही. पुढचा हंगाम जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. कॅनडा-अमेरिका सरहद्दीवरील निर्बंधांमुळे कॅनडातील सातही संघांचा एक स्वतंत्र गट करण्यात आला, नेहमीच्या ब्याऐंशी सामन्यांऐवजी छप्पनच ठेवण्यात आले आणि प्रत्येक संघाबरोबर चार ते सहा जादा राखीव खेळाडू बाळगण्याचा नियम झाला.

एवढे करूनही रोगाने वाट शोधलीच. व्हँकूव्हरच्या संघातील एकवीस खेळाडू त्या वसंत ऋतूत बाधित झाले आणि त्या संघाचा खेळ तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिला. मार्चमध्ये माँट्रियलचेही काही सामने पुढे ढकलावे लागले. तरीही कनेडियन्स आपल्या गटात चौथे येऊन बाद फेरीत पोहोचले आणि एकामागून एक प्रबळ संघांना नमवीत गेले. जूनमध्ये उपांत्य मालिका चालू असताना त्यांचे प्रशिक्षक दोमिनिक द्यूशार्म यांनाच करोनाची बाधा झाली. त्यांना चौदा दिवस विलग राहावे लागले. सहायक प्रशिक्षक ल्यूक रिचर्ड्सन यांनी सूत्रे हाती घेतली आणि संघ अंतिम मालिकेत दाखल झाला. माँट्रियलच्या एकवीस हजारांहून अधिक आसनांच्या क्रीडागृहात त्या मालिकेच्या वेळी साडेतीन हजार प्रेक्षकांनाच प्रवेश होता. कनेडियन्स टँपा बे संघाकडून चार विरुद्ध एक असे हरले. परंतु ७ जुलै २०२१ रोजी मालिका पूर्ण झाली आणि चषकावर विजेत्याचे नाव कोरले गेले.

या दोन हंगामांतील अंतर केवळ औषधांचे आणि तपासणीच्या साधनांचे नाही. १९१९ साली कधी थांबावयाचे, आजाऱ्याच्या जागी कोणी उभे राहावयाचे आणि मोडलेल्या स्पर्धेचा निकाल कसा लावावयाचा, यांविषयी कोणतीही पूर्वयोजना नव्हती. खेळाडू पडेपर्यंत खेळ चालला आणि खेळाडू पडल्यावर तो थांबला. २०२१ साली हे सर्व प्रश्न आधीच विचारले गेले होते. म्हणूनच प्रशिक्षक विलगवासात असतानाही संघाचे काम अडले नाही आणि आजारी माणसाला कर्तव्याच्या नावाखाली उभे राहावे लागले नाही. कोणत्याही संस्थेचे आरोग्य अशा तरतुदींवरच अवलंबून असते.

परंतु जेथे नियम अपुरा पडला, तेथे एका माणसाच्या विवेकाने ती उणीव भरून काढली, हेही तितकेच खरे. मल्डूनने होकार दिला असता तर चषकावर एक नाव अधिक कोरले गेले असते आणि जो हॉलचा मृत्यू विजयाच्या यादीखाली झाकला गेला असता. तसे झाले नाही. म्हणून आजही तो रकाना वाचणारा माणूस क्षणभर थांबतो आणि त्या वर्षी काय घडले होते, असे विचारतो.