प्लास्टिकच्या आत शिरणारा रंग

ॲक्रिलिकच्या फोटो-किचेनवर सब्लिमेशनने चांगली छपाई झाली असेल, तर तिच्यावर नख घासून पाहा. कडा उचलली जात नाही, पापुद्रा निघत नाही, बोटाला उंचवटाही लागत नाही. कारण रंग पृष्ठभागावर नाहीच. तो प्लास्टिकच्या आत, मिलिमीटरच्या अगदी लहानशा अंशाइतका खोल जाऊन बसलेला आहे. बाजारपेठेतल्या छोट्या दुकानात, हीट प्रेसच्या तापलेल्या पाटीखाली, जेमतेम काही मिनिटांत हे घडते. मला ही आजच्या छपाईतली सर्वांत सुंदर क्रिया वाटते.

उघडी राहिलेली कापराची वडी झिजत जाते, पण खाली ओल उरत नाही. घन पदार्थ द्रव न होता थेट वायू होतो, यालाच संप्लवन, म्हणजेच सब्लिमेशन, म्हणतात. छपाईच्या शाईतले रंगही असेच वागतात. त्यांना डिस्पर्स डाय म्हणतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून अतिशय बारीक दळून पाण्यात मिसळून ठेवावे लागतात. १९२० च्या दशकात ॲसिटेट रेयॉन रंगवण्यासाठी ते पुढे आले, कारण हा धागा तेव्हाचे नेहमीचे रंग नीट धरत नव्हता. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला आणि या रंगांना त्यांचे खरे घर मिळाले. कागदावर छापून मग उष्णतेने कापडावर उतरवायची युक्ती १९५७ मध्ये नोएल द प्लास या फ्रेंच संशोधकाला सुचली, असे मानले जाते. सत्तरच्या दशकात पॉलिएस्टरच्या फुलाफुलांच्या कापडांनी ती जगभर पोहोचवली.

आज तेच काम साधा इंकजेट प्रिंटर करतो. मात्र त्याचे हेड पायझो जातीचे लागते. हे हेड विजेच्या इशाऱ्याने वाकणाऱ्या स्फटिकाच्या धक्क्याने थेंब फेकते. शाई तापवून थेंब उडवणारे हेड या कामाला चालत नाही. कागदावर उमटलेले चित्र पाहून नवखा माणूस हिरमुसतो. काळ्याच्या जागी करडा-तपकिरी, लाल विटलेला, सगळेच मळकट. प्रेस उघडली की तेच चित्र झळाळून निघते, कारण रंगाचे रेणू आता सुटे सुटे होऊन प्लास्टिकमध्ये पसरलेले असतात.

ते आत शिरतात कसे? प्लास्टिक म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या लांबच लांब रेणुसाखळ्या. थंड असताना त्या जागच्या जागी जखडलेल्या असतात. ठरावीक तापमानापुढे त्या सैल होतात, हलू लागतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून रंगाची वाफ आत जाते. निवताना साखळ्या पुन्हा आवळतात आणि रंग आत कोंडला जातो. सुती कापडात अशी वाट मिळत नाही, म्हणून शुद्ध सुती टी-शर्टवर हा रंग टिकत नाही. चिनी मातीच्या मगावरही पॉलिमरचा लेप आधीच दिलेला असतो. रंग जातो तो त्या लेपात.

ॲक्रिलिकची खरी अडचण इथेच आहे. पॉलिएस्टरच्या कापडाला सुमारे २०० अंश सेल्सिअसवर मिनिटभर प्रेस मारली तरी ते निमूट सोसते. ॲक्रिलिक मात्र १०५ अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. १९३३ साली जर्मनीत ओटो र्‍योम यांच्या कंपनीने ‘प्लेक्सिग्लास’ म्हणून बाजारात आणलेले आणि पुढे लढाऊ विमानांच्या पारदर्शक छतांना वापरलेले ते हेच ॲक्रिलिक. तापवून हवा तसा आकार देता येतो, हा त्याचा मोठा गुण. हीट प्रेसमध्ये तोच गुण गळ्याशी येतो: रंगाला आत जायला लागणारी उष्णता पत्र्याला लुळा करते. म्हणून कसबी कारागीर तापमान खाली आणतो, दाब हलका ठेवतो आणि दर नव्या मालाला आधी तुकड्यावर करून पाहतो. सब्लिमेशनसाठी लेप दिलेले पत्रेही मिळतात, त्यांच्यावर काम बरेच सोपे होते.

तरी बारकावे उरतातच. दोन्ही बाजूंची संरक्षक फिल्म आधी सोलावी लागते. ॲक्रिलिक हवेतली ओल शोषते. दमट हवेत पडून राहिलेला पत्रा न वाळवता तापवला, तर आत बुडबुडे धरण्याचा धोका असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे विशेष ध्यानात ठेवावे. साच्यातून लोटून काढलेला पत्रा, ज्याला एक्स्ट्रुडेड म्हणतात, तो तापल्यावर एकाच दिशेने जास्त आखडतो. ओतीव पत्रा त्या मानाने शहाणा. कागद उष्णतारोधक टेपने घट्ट धरावा लागतो, कारण प्रेस उघडताना तो तसूभर सरकला तरी चित्रामागे फिकट सावली उमटते. बाहेर काढलेला गरम तुकडा लगेच सपाट वजनाखाली ठेवला नाही, तर तो वाकतो आणि तसाच राहतो.

मिरर करायचे की नाही, हा प्रश्न पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये उलटा होतो. मगावर किंवा कापडावर चित्र उलटे छापतात, म्हणजे ते सुलटे उतरते. पारदर्शक ॲक्रिलिकच्या पाठीवर प्रेस मारून चित्र समोरून पाहायचे असेल, तर कागदावर अक्षरे सुलटीच छापायची. सब्लिमेशनच्या शाईत पांढरा रंग नसतो, त्यामुळे मागे पांढरा थर दिल्याशिवाय चेहरे काचेवरच्या डागांसारखे पारदर्शक दिसतात. तो थर लागला की फोटोला काचेआडची खोली येते. याउलट यूव्ही छपाईत शाई अतिनील किरणांनी वरच्या वर सुकते, तिथे पांढराही छापता येतो, पण ती शाई पृष्ठभागावरच राहते.

आत गेलेला रंग कायमचा असतो, असे मात्र नाही. लाल पॉलिएस्टरवर पांढरी स्क्रीन छपाई करून ती तापवली की पांढरा गुलाबी होतो, कारण डिस्पर्स डाय पुन्हा उठून वरच्या शाईत शिरतो. ऊनही या रंगांचे वैरी आहे, म्हणून दाराबाहेरच्या पाटीपेक्षा घरातल्या फ्रेमला ही छपाई शोभते. पुसायला साधे पाणी आणि मऊ फडके पुरते. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नये: कापताना कडेत अडकलेला ताण अल्कोहोल लागताच मोकळा होतो आणि कडेपासून केसाएवढ्या चिरा आत धावतात.